एआयच्या धंद्यात नवीन आहात? स्पर्धा कायदा तुम्हाला कुठे कुठे लागतो ते आधी बघून घ्या

मुंबईत सध्या जिकडे बघावं तिकडे कोणीतरी एआयचं काहीतरी करतंय. अंधेरी एमआयडीसीतली चार जणांची टीम, ठाण्यात घरून काम करणारा डेव्हलपर, लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार जो ऑनलाइन भाव ठरवायला टूल लावतो. आणि यातल्या बहुतेकांचा समज असा की स्पर्धा कायदा म्हणजे गूगल-मेटाची भांडणं, ती दिल्लीत चालतात, आपला काय संबंध. संबंध आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. मोठी कंपनी तुमची वाट अडवू शकते हे एक, आणि तुम्ही लावलेलं टूल तुमच्या नावावर कायदा मोडू शकतं हे दुसरं, ज्याचा विचार जवळपास कोणीच करत नाही. म्हणून हे अगदी पहिल्यापासून लिहितोय, वकिलाकडे जायच्या आधी स्वतःला किती कळायला हवं तेवढं.

पायरी १: आपली साखळी कागदावर काढा

कायद्याचं पुस्तक नंतर उघडा. आधी एक कागद घ्या आणि तुमचं प्रॉडक्ट कोणाकोणाच्या जिवावर चालतं ते खालून वर लिहा. सगळ्यात खाली चिप, म्हणजे जीपीयू, तिथे बहुतेक ठिकाणी एनव्हिडिया आणि तिच्या चिपवर प्रोग्राम चालवायचं कुडा सॉफ्टवेअर. त्याच्यावर क्लाउड, म्हणजे भाड्याचे सर्व्हर, बहुतेकांचं अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट नाहीतर गूगल. त्याच्यावर मॉडेल, म्हणजे एआयचं मुख्य इंजिन, जे तुम्ही एपीआयने (तुमच्या प्रोग्रामला त्यांच्या सिस्टीमशी जोडणारं दार) भाड्याने घेता. मग तुमचं स्वतःचं अॅप. आणि शेवटी ग्राहकापर्यंत पोचायचा रस्ता, म्हणजे प्ले स्टोअर, अॅप स्टोअर, व्हॉट्सअॅप.

प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहायच्या: याला पर्याय किती आहेत, बदलायचं ठरवलं तर किती दिवस आणि किती पैसे जातील, आणि हाच पुरवठादार माझ्याच ग्राहकाला माझ्यासारखंच प्रॉडक्ट विकतो का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उन्हाळ्यात सोसायटी टँकरवर असते तेव्हा टँकरवाला नुसतं पाणी देतोय तोवर भावाची घासाघीस चालते, पण उद्या त्यानेच तुमच्या गेटवर बाटल्यांचं दुकान टाकलं आणि शेजारच्या बाटलीवाल्याला पाणी द्यायचं बंद केलं तर ती घासाघीस राहत नाही. एआयच्या साखळीत हे जवळपास प्रत्येक थरावर होऊ शकतं, कारण क्लाउडवाल्याचं स्वतःचं मॉडेल आहे, मॉडेलवाल्याचं स्वतःचं अॅप आहे, आणि मेसेजिंगवाल्याचा स्वतःचा असिस्टंट आहे.

ताजं उदाहरण व्हॉट्सअॅपचंच घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेटाने व्हॉट्सअॅप बिझनेसच्या अटी बदलल्या आणि १५ जानेवारी २०२६ पासून जनरल एआय चॅटबॉट देणाऱ्या कंपन्यांना तिथे बंदी घातली. क्लिनिकची अपॉइंटमेंट घेणारा बॉट किंवा दुकानाची चौकशी सांभाळणारा बॉट त्यात येत नाही, तो चालतो. पण जिथे चॅटबॉट हेच मुख्य प्रॉडक्ट आहे त्याचा रस्ता बंद झाला, आणि मेटाचं स्वतःचं मेटा एआय मात्र तिथेच. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्येच मेटा एआयवरून चौकशी सुरू केली होती, डिसेंबरमध्ये या अटींवर तात्पुरता आदेशही काढला, आणि युरोपियन कमिशननेही वेगळी चौकशी उघडली. तुमचं प्रॉडक्ट व्हॉट्सअॅपवर चालत असेल तर अटींमधली ही रेघ नक्की कुठे आहे आणि तुम्ही तिच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे आजच वाचा.

आपल्याकडे चिप-क्लाउडच्या थरासाठी एक सरकारी पर्याय आहे तो कागदावर नक्की टाका. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं इंडिया एआय मिशन, १०,३७१.९२ कोटींचं, त्यात स्टार्टअप आणि संशोधकांना जीपीयू तासाला शंभर रुपयांच्या आत मिळायची सोय केलीय, आणि मॉडेल शिकवायला लागणाऱ्या डेटासाठी एआयकोश हा सरकारी साठा आहे. अर्ज करावा लागतो, वेळ जातो, पण तुमच्या कागदावर दुसरं नाव येतं हे महत्त्वाचं.

पायरी २: कायद्याचे तीन कप्पे

कायदा आहे स्पर्धा अधिनियम २००२, राबवतो भारतीय स्पर्धा आयोग, ज्याला सगळे सीसीआय म्हणतात. कलम ३ म्हणजे स्पर्धा मारणारे करार, कलम ४ म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर, कलम ५ आणि ६ म्हणजे कंपन्यांची खरेदी आणि विलीनीकरण. एआयसाठी वेगळा स्पर्धा कायदा नाही, हेच तीन कप्पे लागू होतात.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, मोठं असणं हा गुन्हा नाही. वर्चस्व असणं कायद्याला चालतं, त्याचा गैरवापर चालत नाही. त्यामुळे 'तो खूप मोठा आहे, आम्ही टिकणार नाही' ही तक्रार होत नाही. 'तो मोठा आहे आणि त्याने हा रस्ता असा अडवला, त्याला धंद्याचं पटण्यासारखं कारण नाही' ही तक्रार होते. आणि त्याच्याही आधी कोणत्या मार्केटमध्ये मोठा, हे ठरतं. एआयमध्ये खरी मारामारी इथेच होते, कारण मोठी कंपनी म्हणणार मार्केट म्हणजे सगळं सॉफ्टवेअर, आणि तुम्ही म्हणणार मार्केट म्हणजे फक्त अमुक प्रकारचं मॉडेल.

सीसीआयने टेक कंपन्यांवर काय केलंय ते बघितलं की अंदाज येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड, मुद्दा हा की फोनवाल्यांना प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची अॅप्सही आधीपासून टाकून द्यायला लागायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपच्या २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरून मेटाला २१३.१४ कोटी. जाहिरातींसाठी डेटा शेअर करण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी अपील ट्रायब्युनलने, म्हणजे एनसीएलएटीने, नोव्हेंबर २०२५ मध्ये काढली, पण दंड कायम ठेवला. दुसरं प्रकरण एआयवाल्यांनी मुद्दाम वाचावं, कारण तिथे भाव कुठेच नव्हता, सगळं फुकट होतं, तरी 'मान्य करा नाहीतर सोडा' म्हणून डेटा घेणं हा स्पर्धेचा प्रश्न झाला. मॉडेल डेटावर चालतं, त्यामुळे हा धागा पुढे एआयपर्यंत येणार असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: भाव ठरवणारं टूल वापरत असाल तर इथे थांबून वाचा

छोट्या माणसाला सगळ्यात जास्त धोका इथे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर.

समजा लॅमिंग्टन रोडवर तुमचं रिफर्बिश्ड लॅपटॉपचं दुकान आहे आणि ऑनलाइनही विकता. एक सॉफ्टवेअरवाला येतो, म्हणतो एआय रोज भाव ठरवेल. डेमो झकास होतो. मग त्याच्या सेल्सवाल्याचा मेसेज येतो: 'दादा, तुमच्या लाइनीतले आठ-दहा जण आपलंच सॉफ्टवेअर वापरतात, सगळ्यांचा स्टॉक न मार्जिन सिस्टीमला दिसतं, त्यामुळे कोणी भाव पाडणार नाही, टेन्शन घेऊ नका.'

या एका मेसेजमध्ये तीन गोष्टी आहेत. एक, तुमच्या स्पर्धकांची आतली माहिती, जी बाजारात कोणाला दिसत नाही, ती सिस्टीममध्ये आहे. दोन, त्या माहितीचा वापर भाव पडू नये म्हणून होतोय. तीन, हे तुम्हाला माहीत आहे, आणि माहीत असून तुम्ही सही करताय. तुम्ही शेजारच्या दुकानदाराशी एक शब्द बोलला नसलात तरी कलम ३ चा प्रश्न उभा राहतो. कारण २०२३ च्या दुरुस्तीनंतर कायदा असं म्हणतो की जो त्याच धंद्यात नाही पण भावाचं संगनमत घडवायला हातभार लावतो, किंवा लावायचा इरादा ठेवतो, तोही त्यात धरला जाईल. मध्ये एक आणि भोवती सगळे, चाकाच्या आऱ्यांसारखी रचना, म्हणून तिला हब अँड स्पोक म्हणतात. म्हणजे सॉफ्टवेअरवालाही अडकतो. आणि तुम्हीच ते सॉफ्टवेअर बनवणारे असाल तर मध्ये बसलेले तुम्ही.

सगळं भाव ठरवणारं सॉफ्टवेअर वाईट असं मात्र नाही. ओला-उबरवर अशीच तक्रार झाली होती, की ड्रायव्हर आपापसात भावाची स्पर्धा करत नाहीत, अॅपचा अल्गोरिदम सगळ्यांचा भाव ठरवतो म्हणजे संगनमत झालं. सीसीआयने २०१८ मध्ये ती बंद केली आणि डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टातही ती टिकली नाही, कारण ड्रायव्हरांमध्ये तसा समझोता असल्याचं काही दिसलं नाही. नुसतं अल्गोरिदमने भाव ठरतो एवढ्यावर केस उभी राहत नाही. उलट अमेरिकेत न्याय खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये रियलपेज नावाच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरवर केस घातली, तिथे मुद्दा नेमका वरच्या मेसेजसारखा होता, घरमालक एकमेकांचे स्पर्धक, आणि त्यांची आतली माहिती एकत्र करून भाड्याची शिफारस.

तर टूल घ्यायच्या आधी विक्रेत्याला ईमेलवर विचारा, फोनवर नको: भाव सुचवायला माझा डेटा सोडून आणखी कोणाचा डेटा वापरता, तो पब्लिक आहे की खासगी? माझा डेटा दुसऱ्या ग्राहकाची शिफारस काढायला वापरला जातो का, आणि ते बंद करता येतं का? शिफारस नाकारली तर सिस्टीम मला अडवते का, पुन्हा पुन्हा नोटिफिकेशन मारते का? स्पर्धकाने भाव वाढवला की आपोआप माझाही वाढवायचा असा नियम आधीपासून चालू आहे का? स्पर्धकाच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसणारा भाव बघून तुम्ही स्वतः तुमचा भाव ठरवला तर त्यात काही गैर नाही, ते दुकानदार आजवर करतच आलेत.

आणि वरच्यासारखा मेसेज आलाच तर गप्प बसू नका, डिलीटही करू नका. लेखी उत्तर द्या, साध्या भाषेत: 'दुसऱ्या विक्रेत्यांची आतली माहिती आम्हाला नको, आमची त्यांना द्यायची नाही, भाव आम्ही स्वतः ठरवतो.' ही एक ओळ उद्या फार कामाला येते. आधीच बरंच पुढे गेलं असेल तर लेसर पेनल्टी, म्हणजे कमी दंडाची, सोय आहे, आयोगाला अजून हाती लागली नाही अशी कामाची माहिती घेऊन जो पहिला जातो त्याचा दंड शंभर टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो, दुसऱ्याचा पन्नास, तिसऱ्याचा तीस. इथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका, पण उशीरही करू नका, कारण नंबर महत्त्वाचा. कार्टेलचा, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमताचा, दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जे जास्त ते, आणि तेही जितकी वर्षं चाललं त्या प्रत्येक वर्षासाठी. संचालक, मॅनेजर अशा माणसांवर वेगळा दंड बसू शकतो.

पायरी ४: फुकट क्रेडिट घेताना करार वाचा

क्लाउडवाले स्टार्टअपला क्रेडिट, म्हणजे ठरावीक रकमेचा फुकट वापर, देतात, छान वाटतं, घ्याच. पण अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण आयोगाने, मोठ्या क्लाउड कंपन्या आणि एआय कंपन्यांच्या भागीदाऱ्यांवर जानेवारी २०२५ मध्ये रिपोर्ट काढला, त्यातली चिंता हीच होती की गुंतवलेला पैसा परत त्याच क्लाउडवर खर्च होतो, बदलणं महाग होतं आणि भागीदाराला आतली माहिती मिळते. मोठ्यांचं हे, मग आपलं काय.

करारात ही चार ठिकाणं शोधा. एक्सक्लुझिव्ह शब्द कुठे आहे, म्हणजे दुसऱ्याकडे जायची बंदी. तुमचे प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या सूचना) आणि ग्राहकांचा डेटा तो स्वतःचं मॉडेल शिकवायला वापरणार का. अटी तो एकतर्फी बदलू शकतो का आणि किती दिवस आधी सांगणार. आणि बाहेर पडताना डेटा न्यायचे पैसे किती. शेवटच्याबद्दल चांगली बातमी अशी की २०२४ मध्ये गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर न्यायचं शुल्क माफ केलं, पण त्याला अटी आहेत आणि आधी कळवावं लागतं. युरोपात तर डेटा अॅक्टमुळे १२ जानेवारी २०२७ पासून असं शुल्क घेताच येणार नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून करारात लिहून घेणं हाच उपाय.

कोड लिहितानाच मॉडेलचा एपीआय एका वेगळ्या थरात ठेवा, म्हणजे उद्या दुसरं मॉडेल लावायला सगळं उसकटायला नको. हे काम टेक्निकल वाटतं, पण स्पर्धेच्या दृष्टीने तुमची सगळ्यात मोठी ताकद हीच.

पायरी ५: कोणी विकत घ्यायला आलं तर

छोट्या कंपनीला इथे फारसं काही करावं लागत नाही, म्हणून थोडक्यात. १० सप्टेंबर २०२४ पासून व्यवहाराची किंमत २,००० कोटींच्या वर असेल आणि कंपनीचा भारतात भरीव धंदा असेल तर उलाढाल कमी असली तरी सीसीआयची परवानगी लागते. डिजिटल सेवेत जगातल्या एकूण युजरपैकी १० टक्के इथले असले तरी भरीव धरतात. एआयमध्ये मात्र नवीन चाल आलीय, कंपनी विकत न घेता तिची माणसं उचलायची आणि लायसन्स घ्यायचं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये इन्फ्लेक्शन या एआय स्टार्टअपची बरीच टीम घेतली, तर ब्रिटनच्या सीएमए या स्पर्धा प्राधिकरणाने हेही विलीनीकरणच आहे असं धरलं, तपासलं आणि मग सोडलं. तुमच्याकडे तशी ऑफर आली तर नाव काहीही असो, वकिलाला संपूर्ण व्यवहार दाखवा.

पायरी ६: वाट अडवली गेली तर

पहिलं काम तक्रार नाही, नोंदवही. साधी एक्सेल शीट चालते. तारीख, वेळ, काय झालं, स्क्रीनशॉट कुठे ठेवला, किती धंदा गेला. उदाहरणार्थ अशी ओळ: '१२ ऑगस्ट, दुपारी ३:४०, एपीआयची मर्यादा न सांगता निम्मी केली, सपोर्टला तिकीट टाकलं, उत्तर नाही, त्या दिवशी दोन ग्राहकांनी पैसे परत मागितले, त्याच आठवड्यात त्यांचं स्वतःचं तसंच फीचर आलं.' शेवटचा तुकडा लिहायला विसरू नका. नुसती मर्यादा कमी झाली हा टेक्निकल प्रॉब्लेम असू शकतो, त्याच वेळी त्यांचं स्वतःचं प्रॉडक्ट आलं हे चौकशी करणाऱ्याला बघावंसं वाटतं. अटींचं पान बदलायच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पीडीएफ करून ठेवा, कारण जुनं पान नंतर सापडत नाही.

मग कलम १९ खाली माहिती दाखल करायची. माहिती कोणीही देऊ शकतं, स्वतःचं नुकसान झालंच पाहिजे असं नाही, हे ओला-उबरच्याच निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. घटनेपासून तीन वर्षांच्या आत करा. नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते, आणि ज्या कंपनीवर तुमचा रोजचा धंदा अवलंबून आहे तिच्याविरुद्ध जाताना ती जरूर करा. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर तपास करणाऱ्या महासंचालकांकडे प्रकरण जातं, मग रिपोर्ट, सुनावणी, आदेश. त्यावर अपील दिल्लीच्या एनसीएलएटीमध्ये, मग सुप्रीम कोर्ट.

वेळ लागतो हे आधीच सांगतो. अँड्रॉइडच्या केसमध्ये तपासाचा आदेश एप्रिल २०१९ चा आणि दंड ऑक्टोबर २०२२ चा. एआयमध्ये साडेतीन वर्षं म्हणजे छोटी कंपनी संपूनही जाते, आणि हा आपल्या व्यवस्थेतला खरा दुखरा भाग आहे. म्हणून कलम ३३ खाली तात्पुरता आदेश मागता येतो तो मागा, आणि एकट्याने लढण्यापेक्षा संघटनेतून जा. गूगलच्या ऑनलाइन जाहिरातींच्या प्रकरणात एडीआयएफ या स्टार्टअपच्या संघटनेने तेच केलं. एकटं नाव पुढे येत नाही आणि खर्चही वाटला जातो.

पायरी ७: पुढे काय येतंय, आणि मुंबईतले बाकीचे साहेब

सीसीआयने एआय आणि स्पर्धेवर स्वतःचा अभ्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. अल्गोरिदममधून होणारं संगनमत, भावातला भेदभाव, डेटा आणि कॉम्प्युट (चिप-क्लाउडची ताकद) मोजक्यांच्या हातात असणं हे सगळं त्यात आहे, आणि कंपन्यांनी आपल्या एआय सिस्टीमचं स्वतःच ऑडिट करावं अशी शिफारस आहे. सक्ती नाही, पण वर्षातून एकदा तिसऱ्या पायरीतले प्रश्न स्वतःला विचारून उत्तरं तारखेसकट लिहून ठेवलीत तर छोट्या कंपनीचं ऑडिट तिथेच सुरू झालं.

डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला होता, फार मोठ्या कंपन्यांवर आधीच नियम घालायचे, भारतात ४,००० कोटींची उलाढाल वगैरे निकष लावून. त्यातल्या सेवांच्या यादीत सर्च, क्लाउड, ब्राउझर आहेत, एआय असं वेगळं नाव नाही. माझ्या मते ते हवं होतं, निदान मॉडेलचा थर तरी.

मुंबईत असाल तर ग्राहक बँक नाहीतर ब्रोकर असायची शक्यता मोठी, आणि मग सीसीआयच्या आधी फोर्टची आरबीआय आणि बीकेसीची सेबी तुमच्यापर्यंत पोचते. सेबीने २०२५ मध्ये नियम करून टाकला की एआय टूल बाहेरच्या कंपनीचं असलं तरी जबाबदारी नोंदणीकृत संस्थेचीच. त्यामुळे ब्रोकरचा लीगलवाला ती जबाबदारी करारातून तुमच्याकडे ढकलणार, त्या कलमात तुमच्या फीच्या पटीत कमाल मर्यादा घालून घ्या. आरबीआयच्या समितीचा एआयवरचा रिपोर्ट ऑगस्ट २०२५ चा आहे, बँकेच्या मीटिंगआधी वाचून जा, समोरचे वाचून आलेले असतात. आणि डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेत, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमाराला लागू होतात. तुम्ही आज दोन-तीन वर्षांचा करार करत असाल तर तो त्या तारखेच्या पलीकडे जातो, म्हणून ग्राहकाचा डेटा कोणाचा आणि करार संपल्यावर तो कोण पुसणार हे कलम आत्ताच लिहून घ्या.